वाक्याखालचं नाव

माझे मामा सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचे. शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहिण्याचं काम निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडेच होतं. आधी वाक्य, मग उजव्या कोपऱ्यात आडवी रेघ आणि पुढे थोरामोठ्याचं नाव. आता शाळेची शताब्दी स्मरणिका निघते आहे. तिच्यासाठी मामांनी आपल्या जुन्या वहीतले निवडक सुविचार दिले आणि मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली, कारण माझा व्यवसायच मुद्रितशोधनाचा. वाक्यांना मी हात लावला नाही. काही नावांपुढे मात्र समासात प्रश्नचिन्हं टाकली. त्यावरून मामांचं आणि माझं चांगलंच वाजलं. दोन्ही बाजू वाचकांसमोर याव्यात असं वाटलं, म्हणून ते बोलणं इथे मांडते आहे.

मामा : तुला ऱ्हस्व-दीर्घ बघायला सांगितलं होतं. तू तर थेट गांधीजींकडेच पुरावा मागायला निघालीस.

मी : गांधीजींकडे नाही हो मामा, तुमच्याकडे. ग्राहकाला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा म्हणणारं वाक्य तुम्ही कुठून घेतलंत?

मामा : आमचा पगार ज्या बँकेत व्हायचा, तिथे कॅशियरच्या खिडकीशेजारी पाटी होती. गांधीजींचं रेखाचित्र, गोल चष्मा, आणि खाली तो मजकूर. तो आपल्यावर अवलंबून नाही, आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, असा. बँकेत, दुकानात, कुठेही जा, ती पाटी दिसतेच.

मी : काही पाट्यांवर तपशीलही देतात : दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, १८९०. आता १८९० साली गांधीजी कुठे होते? लंडनला, बॅरिस्टरीचा अभ्यास करत. सनद मिळाली १८९१ च्या जूनमध्ये. डर्बनच्या बंदरात ते उतरले १८९३ च्या मे महिन्यात. त्यांचं समग्र वाङ्मय इंग्रजीत शंभर खंडांत आहे आणि गांधी हेरिटेज पोर्टलवर घरबसल्या शोधता येतं. त्यात हा मजकूर नाही. जवळजवळ याच शब्दांतला मजकूर १९४१ साली अमेरिकेत ‘प्रिंटर्स इंक’ या जाहिरात व्यवसायाच्या नियतकालिकात सापडतो. तिथे नाव आहे केनेथ इलियट यांचं. स्टुडबेकर मोटार कंपनीत ते विक्री विभागाचे उपाध्यक्ष होते.

मामा : असतील. पण त्या पाटीखाली बसणारा कॅशियर एखाद्या पेन्शनर म्हाताऱ्याशी दोन शब्द बरे बोलला असेल, तर पाटीचं काम झालं. तिथे इलियटचं नाव लिहिलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

मी : तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. इलियटचं नाव असतं तर पाटी भिंतीवर गेलीच नसती. म्हणजे वजन वाक्याचं नव्हतं, नावाचं होतं, आणि ते त्या नावाच्या माणसाला न विचारता उचललं. ज्यांनी परदेशी कापडाची होळी केली, धनिकांना तुम्ही मालक नाही, विश्वस्त आहात असं सांगितलं, त्या माणसाची रोज दिसणारी ओळख काय उरली? विक्रीचं प्रशिक्षण देणारा सल्लागार. गांधीजी न वाचलेल्या पोराला दुसरं काही कळायचा मार्गही नाही.

मामा जरा थांबले. वही चाळून त्यांनी पुढचं पान काढलं. तिथलं वाक्य कुठल्याही शाळेच्या भिंतीवर सापडेल : जगात जो बदल पाहायचा आहे तो आधी स्वतःत करा, या अर्थाचं.

मामा : हे तरी सोडशील ना? आशय तर शंभर टक्के गांधीजींचा आहे.

मी : आशयाचा धागा त्यांचाच आहे, आणि तो जिथे आहे ती जागा या वाक्यापेक्षा फार सुंदर आहे. १९१३ साली ‘इंडियन ओपिनियन’मध्ये ते आरोग्यावर लेखमाला लिहीत होते. ऑगस्टमधल्या एका लेखाचा विषय आहे सर्पदंश. साप चावला तर काय करायचं, हे सांगता सांगता ते सापाबद्दलच्या आपल्या भीतीकडे आणि वैराकडे वळतात. बाहेरच्या जगात जे जे आहे ते आपल्या आत आहे, आपला स्वभाव पालटला तर जगाची आपल्याकडे पाहण्याची रीतही पालटते, म्हणून दुसरे काय करतात याची वाट बघत बसू नये, असा तो विचार येतो. विंचूकाट्याच्या, सापाकिरड्याच्या रानात राहणाऱ्या तुमच्या पोरांना हे सांगितलं असतंत तर त्यांनी कान टवकारून ऐकलं असतं.

मामा : सर्पदंश? हे मला ठाऊक नव्हतं.

मी : आणि ते सुटसुटीत घोषवाक्य? त्या घडणीचं वाक्य १९७४ साली छापलेलं सापडतं, आर्लीन लॉरेन्स यांच्या लेखात. त्या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात हायस्कूलमध्ये शिकवायच्या. शाळेतल्या मुलांचं आणि शिक्षकांचं वागणं बदलावं म्हणून त्यांनी एक प्रकल्प चालवला होता, त्याच्या तत्त्वांपैकी हे एक. मामा, हे एका शिक्षिकेचं वाक्य आहे. जगभरच्या शाळांनी ते भिंतीवर रंगवलं आणि एका शाळाबाईचं नाव तिथून गेलं.

यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. चाळीस पोरांच्या वर्गात रोज उभं राहिलेल्या माणसाला हे लागणारच. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातली मोठी खंत हीच आहे. नाव नेहमी खालून वर सरकतं. कमी माहीत असलेल्याचं वाक्य जास्त माहीत असलेल्याच्या तोंडी जातं. इंग्रजीत अशी अनाथ वाक्यं इतकी चर्चिलकडे वाहत गेली, की नायजेल रीस या सुभाषितांच्या ब्रिटिश अभ्यासकाने त्या ओघालाच चर्चिलचं नाव दिलं. आपल्याकडे मोबाइलवर फिरणाऱ्या कविता पु. लं.च्या नावावर जातात, जगण्याविषयीची वाक्यं व. पुं.च्या आणि स्वप्नांविषयीची अब्दुल कलामांच्या. कुणीतरी कुठल्यातरी गावात बसून त्या ओळी लिहिलेल्या असतात.

मामा : बरं, एक सांग. आपल्या परंपरेत नावाचा इतका सोस होता का? नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामाचे अभंग मिसळले. तुकोबांची मुद्रा घालून कुणी कुणी अभंग रचले. त्यांना तुकोबांचं नाव चोरायचं नव्हतं, स्वतःचं पुसायचं होतं. ‘मी’ विरून जावा म्हणून लिहिणाऱ्याला तू कर्तृत्वाचा दाखला कसा मागतेस? दिंडीत चालणारा अभंग म्हणतो, त्याचं काय अडतं?

हा मुद्दा खरोखर वजनदार आहे. गुरूच्या नावाखाली आपले शब्द ठेवणं ही भक्तीची एक रीत होती आणि तिला लबाडी म्हणणं अन्याय होईल.

मी : ज्याने स्वतःहून नाव पुसलं त्याच्यापुढे मी हात जोडते. इलियटनी आणि लॉरेन्सबाईंनी ते पुसलं नव्हतं. आणि परंपरेचं म्हणाल तर नाथांना विसरू नका. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या गोळा करून पाठ शुद्ध केला. नकलून नकलून त्यात घुसलेलं वेचून काढलं. आणि वर बजावून ठेवलं, की यापुढे ज्ञानेश्वरीत कुणी आपली ओवी घालू नये. नाथ स्वतः एवढे मोठे कवी. त्यांना माउलींच्या नावावर चार ओव्या खपवणं कठीण होतं का? त्यांनी माउलींचं ते माउलींचं, आपलं ते आपलं ठेवलं. भक्तीची ही रीतसुद्धा आपलीच आहे.

मामा : नाथांचा दाखला देऊन माझं तोंड बंद करतेस.

मी : आणखी आहे. १८६९ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांच्या गाथेचा पहिला खंड निघाला, तेव्हा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्यांचे पाठ ताडून पाहिले होते. मी समासात टाकते त्या प्रश्नचिन्हाचं कुळ तिथे आहे. आणि विष्णुदास नाम्याचं काय अडलं, ते सांगते. सोळाव्या शतकात महाभारत मराठी ओवीत आणणारा हा कवी. नामदेवांत मिसळला आणि सामान्य वाचकाच्या लेखी नाहीसाच झाला. संशोधकांनी तो पुन्हा वेगळा काढला, नाहीतर त्याचं नावही आज तुम्ही घेतलं नसतंत.

मामा : व्हॉल्टेअरला का खूण केलीस? दहावीच्या मुलांना मतस्वातंत्र्य शिकवताना मी ते वाक्य दरवर्षी लिहायचो. तुझं मत मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी प्राण देईन, या अर्थाचं.

मी : ते एव्हलिन बीअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेचं वाक्य आहे. एस. जी. टॅलेन्टायर या टोपणनावाने १९०६ साली तिने व्हॉल्टेअरच्या मित्रांवर पुस्तक लिहिलं. त्यात हेल्वेशियसचा प्रसंग आहे. त्याचं पुस्तक पॅरिसमध्ये जाळलं गेलं. व्हॉल्टेअरला ते पुस्तक मुळीच आवडलं नव्हतं, तरी ते जाळल्याचा त्याला संताप आला. तेव्हाची त्याची भूमिका बाईंनी एका वाक्यात सांगितली आणि ते वाक्य अवतरणचिन्हांत टाकलं. अवतरणचिन्ह संपल्यावर लगेच, ही त्याची वृत्ती होती, असं स्पष्ट लिहिलं आहे. वाचणाऱ्यांनी चिन्हं पाहिली, पुढचे शब्द सोडले. पुढे १९३९ मध्ये बाईंना पत्रातून खुलासा करावा लागला, की शब्द माझे आहेत. माझा सगळा दिवस या चिन्हांत जातो मामा. दोन स्वल्पविरामाएवढ्या खुणा, पण त्यांचा अर्थ एकच : आतले शब्द जसेच्या तसे त्या माणसाचे आहेत.

मामा : तरी व्हॉल्टेअरची वृत्ती तीच होती, हे तू मान्य करतेस.

मी : करते. म्हणून तिथे दोन्ही नावं हवीत. पण पुढच्या पानावरचा मेकॉले मी छापू देणार नाही.

हे एकच वाक्य असं होतं, की ज्यावर मी आधीच ठाम होते. भारतभर फिरलो, एकही भिकारी आणि चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती बदला, असं मेकॉले ब्रिटिश पार्लमेंटमध्ये २ फेब्रुवारी १८३५ रोजी म्हणाला, असा तो मजकूर. व्याख्यानांतून आणि गॅदरिंगच्या भाषणांतून आपण सगळ्यांनी तो ऐकलेला असतो.

मामा : तारीख तर दिलेली आहे.

मी : तारीख खरी आहे, म्हणूनच सगळे फसतात. त्या तारखेचं मेकॉलेचं शिक्षणविषयक टिपण आहे. पण ते त्याने कलकत्त्यात, गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या सरकारसाठी लिहिलं. १८३४ च्या जूनमध्येच तो हिंदुस्थानात आला होता. लंडनच्या पार्लमेंटमध्ये त्या दिवशी उभा राहणार कसा? आणि त्या टिपणात आपलं कौतुक नाहीच. चांगल्या युरोपीय ग्रंथालयातल्या एका फळीची सर हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयाला नाही, असं त्यात आहे. रक्ताने आणि रंगाने हिंदी, पण आवडीनिवडीने आणि मतांनी इंग्रज असा एक वर्ग तयार करायचा, असंही आहे. मामा, ज्या माणसाने आपलं सगळं वाङ्मय एका फळीच्या मोलाचंही धरलं नाही, त्याच्या तोंडी आपण आपली स्तुती घातली आणि त्यावर टाळ्या घेतल्या. खरा अपमान मुलांना शिकवायचा राहिला. मुलांनी मूळ टिपण वाचावं आणि त्यावर चिडावं. बनावट वाक्यावर चिडून त्यांच्या हाती काय लागणार?

मामा : हे काढ. मी भाषणात ऐकून लिहून घेतलं होतं. काढून टाक.

यानंतर मामांनी वही माझ्यापुढे सरकवली. त्या पानाला मीही खूण करताना कचरले होते. कोंढाणा, तानाजी, ‘गड आला, पण सिंह गेला’. खाली छत्रपती शिवाजी महाराज.

मामा : यावर प्रश्नचिन्ह? हे वाक्य मी वर्गात म्हणायचो तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. बोल, काय सापडलं तुला?

मी : ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी पडले. महाराजांच्या चरित्राची सगळ्यांत जुनी बखर कृष्णाजी अनंत सभासदाची. त्याने ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली, १६९० च्या दशकात. तिच्यात महाराज हळहळतात ते असं, की एक गड घेतला पण एक गड गेला. गडाला गड. म्हणजे तानाजी हाच एक गड होता. सिंह तिथे नाही. आता १८२६ वर या. तुमच्या साताऱ्याला पूर्वी रेसिडेंट राहिलेला ग्रँट डफ मराठ्यांचा इतिहास लंडनला छापतो. त्यात सिंह आहे, सिंहाची गुहाही आहे, आणि शेजारी सभासदाचा तो गडही आहे, तानाजीचं नाव घेऊन. त्या इतिहासाचं मराठी भाषांतर झालं आणि ते शाळांतून वाचलं गेलं. मग १९०३ च्या सुमारास हरि नारायण आपट्यांची कादंबरी आली. तिचं नावच हे वाक्य.

मामा : आणि गडाचं नाव? तानाजी सिंहासारखा लढला म्हणून सिंहगड, हे तरी?

मी : १६६३ च्या पत्रात सिंहगड हे नाव येतं. तानाजींच्या सात वर्षं आधी.

मामा : म्हणजे महाराज हे बोललेच नाहीत, असं छापणार आहेस?

मी : नाही. सभासद हा महाराजांच्या दरबारातला माणूस. त्याने पंचवीसेक वर्षांनी का होईना, महाराजांचा शोक कसा होता हे नोंदवलं आहे. तो शोक महाराजांचा आहे. शब्दांची आजची घडण नंतरची आहे.

मामा : मग ऐक आता माझं. एका राजाचं दुःख. बखरकाराने ते गडात मोजलं. शाहिरांनी आणि इतिहासकारांनी त्यात सिंह आणला. कादंबरीकाराने त्याला पाच शब्दांत बसवलं. अडीचशे वर्षं लोकांनी हे वाक्य घासूनपुसून तयार केलं. तुझ्या इलियटच्या पाटीत आणि यात जमीनअस्मानाचा फरक आहे. ती पाटी कुणीतरी एका दिवसात चिकटवली. हे वाक्य लोकांनी वाढवलं. अशा वाक्याला एकच धनी शोधायचा हट्ट धरलास तर तू त्याचा इतिहासच चुकवशील.

मामांचं हे म्हणणं मला पटलं आणि इथे तसं स्पष्ट लिहिते. उगम शोधणारी माणसं पुष्कळदा दोनच रकाने आखतात, खरं आणि खोटं. या वाक्याला ते दोन रकाने पुरत नाहीत. टिळकांच्या स्वराज्याच्या घोषणेचंही तसंच. ती टिळकांनी सभांतून दिली, तिच्यापायी सरकारी रोष ओढवून घेतला, ती त्यांचीच. तिची शब्दरचना त्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांची, असंही सांगितलं जातं. माझगावचे हे बॅरिस्टर होमरूल लीगच्या बेळगावच्या बैठकीचे अध्यक्ष होते आणि पुढे १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. बॅप्टिस्टांचं नाव घेतल्याने टिळक उणे होत नाहीत. उलट त्या चळवळीत माझगावचा एक ख्रिस्ती वकील टिळकांच्या किती जवळ होता, हे मुलांना कळतं.

मामा : फळ्यावर एवढं सगळं मावत नाही गं. चार बाय सहाचा फळा. प्रार्थनेच्या घंटेआधी पाच मिनिटांत लिहायचा.

मी : फळ्यावर नाही मावत, तासाला मावतं. तुम्ही मुलांना सभासदापासून आपट्यांपर्यंत नेलं असतंत, तर इतिहास कसा तपासतात हे त्यांनी एका वाक्यात पाहिलं असतं. आजच्या मुलांच्या हातात मोबाइल आहे. दिवसाला दहा खोटी वाक्यं त्यांच्याकडे येतात. त्यातली काही दंगल पेटवणारी असतात. कोण म्हणालं, कधी, कुठे आणि तेव्हा तो माणूस होता कुठे, हे चार प्रश्न त्यांना शाळेतच मिळायला हवेत.

मामा : आणि वाक्य आवडलं, पण धनी सापडला नाही, तर?

मी : तर ते वाक्य तुमचं म्हणून लिहू नका आणि कुणा मोठ्याचं म्हणूनही लिहू नका. नुसतं लिहा. चांगलं असेल तर ते उभं राहील.

मामांना हे पूर्ण मान्य नाही. नावाविना सुविचार म्हणजे दाराविना घर, असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे, आणि नाव वाचूनच काही मुलं त्या माणसाच्या पुस्तकाकडे वळतात, हा त्यांचा अनुभव आहे. तो अनुभव मी नाकारत नाही. माझं उत्तर इतकंच, की ते मूल पुस्तकाकडे वळलं तर ते वाक्य त्याला तिथे सापडायला हवं.

स्मरणिकेचं पान आता छपाईला जातंय. मेकॉले गेला. ग्राहकाचं वाक्य मामांनी स्वतःच काढलं. बदलाच्या वाक्याखाली आर्लीन लॉरेन्स यांचं नाव आहे आणि त्याच्याच शेजारी सर्पदंशावरच्या लेखातला गांधीजींचा विचार, ‘इंडियन ओपिनियन’ आणि १९१३ या उल्लेखासह. व्हॉल्टेअरच्या वाक्याखाली हॉलबाई आल्या आहेत, पुस्तकाच्या सालासह. कोंढाण्याच्या वाक्याखाली महाराजांचं नाव तसंच आहे. फक्त तळाशी बारीक टाइपात सभासद, ग्रँट डफ आणि आपटे यांचा दोन ओळींत उल्लेख आहे. तो मजकूर मामांनी लिहिला.

फळा लिहिणाऱ्या सगळ्या शिक्षकांना आम्हा दोघांची एक विनंती आहे. येत्या २ ऑक्टोबरला गांधीजींचं वाक्य लिहाल तेव्हा ते आधी समग्र वाङ्मयात शोधा आणि खंड नि पान फळ्याच्या कोपऱ्यात टाका. सापडलं नाही, तर वाक्य जरूर लिहा, पण खालच्या रेघेपुढे गांधीजींचं नाव लिहू नका.